बटर पेपरखालचे हात

मागच्या आठवड्यात परत झालं. गवार मोडत बसले होते आणि एकदम हात माझे वाटेनात, म्हणजे हलत होते, शिरा पण नीट काढत होते, पण कोणीतरी दुसरीच बाई गवार मोडतेय आणि मी मागे उभी राहून बघतेय असं. कुकरची शिट्टी आमचीच, पण वाटावी शेजारच्यांची. दहा-पंधरा मिनिटांनी उतरलं.

याला डिपर्सनलायझेशन म्हणतात हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं, तोवर मी आपली वेड लागतंय म्हणून गुपचूप घाबरून बसायचे. त्या म्हणाल्या, यात आपल्याला कळत असतं की हे नुसतं वाटतंय, खरंच तसं झालेलं नाही, हा मोठा फरक. (नंतर वाचलं की आमिएल नावाच्या स्विस माणसाने हा शब्द आपल्या डायरीत वापरला होता, तिथून द्युगा नावाच्या फ्रेंच माणसाने १८९८ मध्ये उचलला. डायरीतून आलाय म्हटल्यावर मला उगाचच बरं वाटलं.)

पहिलं चित्र काढलं ते म्हणजे चेहऱ्याला तडे, तुकडे उडतायत, काळा-लाल रंग. लाइक्स भरपूर आले. पण खोटं होतं ते. तडे गेले तर दुखेल ना, इथे दुखतच नाही, हीच तर सगळी भानगड आहे. आणि चालू असताना काढायला बसावं तर तेही जमत नाही, रेषा येते पण कोणी ओढली कळत नाही.

म्हणून या वेळी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी नुसते हात काढले. ४बी पेन्सिल, नखात गवारीचा हिरवट डाग तेवढा पोस्टर कलरने. वर बटर पेपर ठेवला. एका थराने काहीच होईना, दोनाने नुसतं धुकं पडल्यासारखं, तिसरा ठेवला आणि अगदी तेच, हात आहेत पण आपले नाहीत. आधी गोंद लावला तर कागद सुरकुतला, मग काढून फक्त वरच्या कडेला टेप मारली.

आईने बघितलं. आधी धूळ समजून पदराने पुसलं. मग कागद उचलून म्हणाली, "हा तुझा अंगठा ना गं, सातवीत विळीवर कापलेला?"

म्हटलं, हो.

तिने कागद खाली सोडला. परत उचलून बघितला.