घाटावरच्या ज्वारीचा आमच्या गोठ्याला आधार

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या गोठ्यात चार म्हशी आहेत. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तरी मार्च उजाडताच डोंगरउतारावरचे गवत करपते आणि घाटावरून येणाऱ्या कडब्याच्या गाडीची वाट पाहावी लागते. हा कडबा ज्या कोरडवाहू पट्ट्यातून येतो, तेथे मक्यापेक्षा ज्वारीच भरवशाची आहे. तिची मुळे खोल जातात, पानांवर मेणाचा थर असतो, आणि पाण्याचा ताण पडल्यास ती वाढ थांबवून तग धरते व पाऊस आल्यावर पुन्हा वाढू लागते. सोलापूरकडची मालदांडी ही ज्वारीची जात तर रब्बीत मुख्यतः जमिनीतील ओलीवरच पिकते, आणि धान्य काढल्यावर तिचा कडबा गुरांच्या कामी येतो.

या वर्षी मीही वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकाच्या, एका कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) चाऱ्यासाठी ज्वारी पेरली आहे. मात्र कोवळ्या, विशेषतः पाण्यावाचून खुरटलेल्या ताटांत आणि कापणीनंतरच्या फुटव्यांत धुरिन हे द्रव्य अधिक असते. जनावराच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि धडधाकट म्हैसही थोड्या वेळात दगावू शकते. म्हणून पीक फुलोऱ्यात येईपर्यंत मी त्याला विळा लावणार नाही, आणि तोवर म्हशी दावणीलाच राहतील.