आमची वाटचाल : पिना आवळल्या त्या दुपारपासून

कारखान्यांसाठी यंत्रं आणि रोबोट बसवून देणाऱ्या आमच्या कंपनीत सुरुवातीला आम्ही दोघेच होतो. मेकॅनिकल डिझाइन माझ्याकडे, वायरिंग आणि प्रोग्रॅमिंग भागीदाराकडे. जिग-फिक्स्चरच्या, म्हणजे काम चालू असताना भाग नेमका धरून ठेवणाऱ्या साधनांच्या, कामांवर हात बसला आणि मग रोबोटचं पहिलं काम आलं. रोबोट तर तयारच मिळतो, आपण फक्त ग्रिपर, म्हणजे वस्तू पकडणारा पंजा, लावायचा, असं तेव्हा वाटलं होतं. रोबोट १० किलो पेलोडचा, म्हणजे तेवढं वजन पेलणारा, जॉब (उचलायचा भाग) ६ किलोचा, आणि मी काढलेला ग्रिपर भरला साडेचार किलो! पेलोडमध्ये ग्रिपरचंही वजन धरायचं असतं, शिवाय ते मनगटाच्या फ्लँजपासून किती लांब लटकतं तेही बघायचं असतं. तो ग्रिपर मी दोनदा नव्याने काढला.

पण आम्हाला खरं घडवलं ते एका पॅलेटने. स्टीलचा बेस, त्यावर जॉब ठेवायचं ॲल्युमिनियमचं पॅलेट, आणि ते नेमक्या जागी बसावं म्हणून ८०० मिमी अंतरावर दोन गोल डॉवेल पिना. सकाळची ट्रायल सुरळीत झाली. दुपारी मात्र पॅलेट बसेना. भागीदाराने प्रोग्रॅम तपासला, रोबोटला त्याचे पॉइंट पुन्हा शिकवले (टीच केले), तरी तेच. शेवटी आमच्या जुन्या फिटरने पॅलेट हाताने हलवून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, प्रोग्रॅम सोडा. पिना आवळतायत."

मग गणित मांडलं. मीटरला एका अंशामागे ॲल्युमिनियम साधारण २३ मायक्रॉन वाढतं, स्टील १२ च्या आसपास. तापमान १५ अंशांनी चढलं होतं, म्हणजे दोन पिनांमधल्या अंतरात ०.१३ मिमीचा फरक. पिन आणि भोकात मी ठेवलेली फट जेमतेम ०.०३ मिमी! एक पिन गोल ठेवली आणि दुसऱ्या जागी डायमंड पिन, म्हणजे दोन बाजूंनी तासलेली पिन, टाकली, तिची मोकळी बाजू दोन्ही पिनांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने. तेव्हापासून ते पॅलेट अडकलेलं नाही.

त्या दिवसापासून आमच्याकडे जो ड्रॉइंग काढतो तोच पहिला सेट फिटरबरोबर जोडतो. नवे इंजिनिअर सॉफ्टवेअर पटकन शिकतात, आणि स्क्रीनवर सगळं बसतंच. बोल्टपर्यंत पाना जातो की नाही, सेन्सर बदलायला हात शिरतो की नाही, हे मशीनपाशी उभं राहिल्यावरच समजतं. आज आम्ही चौदा जण आहोत, आणि हा नियम मलाही लागू आहे.

एक मोठं काम आम्ही सोडलं, तेही सांगायला हवं. सायकल टाइम, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, वाचावा म्हणून ग्राहकाला रोबोटभोवतीचं कुंपण आणि दार उघडताच रोबोट थांबवणारा इंटरलॉक नको होता. रोबोटच्या सुरक्षिततेच्या आयएसओ १०२१८ या मानकाप्रमाणे धोक्यांचं मूल्यमापन करून आम्ही नकार दिला. ते वर्ष ओढाताणीत गेलं, पण त्या नकाराचं मला आजही समाधान आहे.

मशीन पाठवण्याआधीची एक चाचणी मी कुणावर सोपवत नाही. ग्रिपरमध्ये जॉब धरायचा, रोबोटचा हात पूर्ण लांब करायचा आणि ग्रिपर चालवणारी हवेची लाइन बंद करायची. स्प्रिंगच्या जोरावर जॉब तसाच धरलेला राहिला, तरच मी डिस्पॅचच्या कागदावर सही करतो.