हिरड्या गुलाबी आणि बीपी ६८

मागच्या आठवड्यात पिंपळगावच्या द्राक्षवाल्या काकांची लॅब्रॅडॉर आमच्या गंगापूर रोडच्या क्लिनिकला आली, ९ वर्षांची, पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयात पू भरलेला, थांबायला वेळच नव्हता. आधी सलाईन चढवलं, मग भूल देऊन घशात नळी टाकली आणि आयसोफ्लुरेन हा भुलेचा गॅस सुरू केला, डायल २ टक्क्यांवर.

पोट उघडलं तोवर सगळं मस्त, हार्ट रेट ११६, हिरड्या छान गुलाबी, कंपाउंडर म्हणाला पण, "मॅडम, एकदम फ्रेश दिसतेय!" आणि तेवढ्यात पंजावरच्या डॉपलरचा (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र) शूं शूं आवाज बारीक होत गेला, कफ फुगवून बघते तर वरचं बीपी ६८. ९० च्या खाली गेलं की आम्ही धावपळ सुरू करतो, किडनीला रक्त कमी पडतं ना, आणि पायोमेट्रात किडनीने आधीच मार खाल्लेला असतो.

मग हिरड्या गुलाबी कशा? आयसो रक्तवाहिन्या सैल करतो, त्यामुळे हिरड्यांत रक्त भरपूर दिसतं पण दाबच नसतो. काकांना नंतर सांगितलं, ड्रिपची मोटर चालू आहे पण शेवटच्या वेलीला पाणी पोचत नाही, तसं. हॅलोथेन हा जुना भुलेचा गॅस वेगळा, तो थेट हृदयाच्या पंपिंगवरच बसायचा, वर ॲड्रेनलिनने ठोके बिघडायची भीती, मला त्याची अजिबात आठवण येत नाही. सेव्होफ्लुरेन हा दुसरा गॅस पण आयसोच्याच वाटेने जातो, फक्त महाग.

तर डायल १.२ वर आणला, पण नुसता गॅस कमी केला तर ती टेबलावर हलणार, म्हणून लिग्नोकेनचा, म्हणजे वेदना कमी करणाऱ्या औषधाचा, ड्रिप लावला (कुत्र्यात चालतं, मांजरात मी लावत नाही, त्यांचं हृदयच दबतं) आणि किलोमागे १० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) भरभर सोडलं. आधी ८४, मग ९६, डॉपलर परत मोठ्याने शूं शूं करायला लागला तेव्हा कुठे मी पुढची गाठ मारली.

संध्याकाळी तिने शेपटी हलवली. काका बिल बघून म्हणाले, "गॅस कमी वापरला म्हणता, मग पैसे कसे वाढले?" म्हटलं काका, गॅस वाचला तो सगळा ड्रिपमध्ये गेला.