तिथे बॉल बसतो

"तिकडनं नको रे, तिथे बॉल बसतो!"

परळच्या बास्केटबॉल कोर्टावर आज एक बारका पोरगा आपल्या भिडूवर ओरडला. सिमेंट पोकळ झालंय तिथे, टप्पा उठतच नाही. पुढच्याच मिनिटाला त्याने समोरच्या टीमच्या उंच गड्याला रेटत रेटत नेमकं त्याच जागी नेलं. बॉल मेला, याने उचलला आणि पळाला. चेहरा एकदम साळसूद!

मला बॉस्टन गार्डन आठवलं, अमेरिकेतल्या बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल टीमचं जुनं घरचं मैदान. तिथली ती प्रसिद्ध चौकटीचौकटींची लाकडी जमीन १९४६ ची. लाकडाची टंचाई होती, म्हणून ओकचे छोटे तुकडे जोडून केलेली. पाहुण्या टीम कायम कुरकुरायच्या, की इथे काही जागी बॉल उठत नाही आणि सेल्टिक्सवाल्यांना त्या सगळ्या पाठ आहेत.

असतीलही. पण सेल्टिक्सच्या बिल रसेलने १३ मोसमांत ११ विजेतेपदं घेतली ती काय फळ्यांच्या जोरावर? आणि त्यातली काही तर परक्या कोर्टावर जिंकलेली.

तरी त्या पोराचं डोकं मानलं. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात किती आणि अशा माहितीत किती? खेळलेल्यांनी सांगा.