भाच्याची आयटीआय आणि कच्ची पावती

मी स्वतः आयटीआयवाला. १९९७ साली कोल्हापुरात कातारी, म्हणजे टर्नर ट्रेड पास होऊन शिरोली एमआयडीसीत लेथवर उभा राहिलो तो आजपर्यंत. आमच्या वेळी फॉर्म हाताने भरायचा, यादी नोटीस बोर्डावर लागायची, नाव दिसलं की विषय संपला. त्यामुळे २०२३ च्या जूनमध्ये ताईचा फोन आला, "पोराच्या आयटीआयचं तूच बघ बाबा, तुला त्यातलं कळतंय," तेव्हा मी लगेच हो म्हणून बसलो. आपल्याला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही, हे पुढच्या दोन महिन्यांत कळलं.

भाच्याला दहावीला ५८ टक्के. दाजींना डिप्लोमा हवा होता, कारण आयटीआय म्हणजे पोरगं वाया गेलं असं त्यांच्या गल्लीचं मत. मी म्हटलं, आयटीआयची दोन वर्षं नीट केली तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, दार काही बंद होत नाही. एवढ्यावर ते गप्प झाले. पटलं होतं असं नाही. पोराला स्वतःला विजतंत्रीच पाहिजे होता, म्हणजे इलेक्ट्रिशियन. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर तो सातवीपासून उघडायचा. एकदा झटका खाऊन भिंतीवर आपटलाय, तरी हौस गेली नाही.

हल्ली सगळे प्रवेश ऑनलाइन. अर्ज भरायचा, जवळच्या सरकारी आयटीआयत मूळ कागद दाखवून तो निश्चित करून घ्यायचा, मग विकल्प, म्हणजे कुठली संस्था आणि कुठला ट्रेड हवा ते क्रमाने द्यायचे आणि प्रवेशाच्या फेऱ्यांची वाट बघायची. कागदांत आमचं फार अडलं नाही, फक्त नॉन-क्रिमिलेयरसाठी तहसील कचेरीत तीन हेलपाटे झाले. खरा घोळ विकल्पात झाला. नेट कॅफेतल्या पोरानं विचारलं, "काका, किती टाकू?" मी ऐटीत सांगितलं, "चारच टाक, चारी सरकारी, चारी विजतंत्री." सरकारी फी वर्षाला हजार-दोन हजारांच्या घरात, मग खाजगीकडे बघायचंच कशाला, असा माझा हिशोब. विजतंत्री आणि जोडारी, म्हणजे फिटर, या दोन ट्रेडवर सगळ्यांच्या उड्या असतात आणि ५८ टक्क्यांना तिथं कोण विचारत नाही, हे त्या पोराला माहीत होतं. मला सांगायला धजावला नाही बिचारा. पहिल्या फेरीत आमचं नाव कुठंच नव्हतं.

ताई घाबरली. त्याच आठवड्यात दाजींना कुणीतरी एका खाजगी आयटीआयचा नंबर दिला. मी नाव सांगत नाही, कारण अशी एकच संस्था आहे असं नाही. देशात आयटीआय पंधरा हजारांच्या आसपास आहेत आणि त्यातल्या चारात तीनहून जास्त खाजगी. महाराष्ट्रात सरकारीच चारशेच्या वर आहेत, तरी जागा पुरत नाहीत, मग माणूस खाजगीकडे वळणारच. त्यात वाईट काही नाही. चांगल्या खाजगी संस्थाही आहेत, एक तर पुढं आम्हालाच मिळाली.

तर आम्ही तिघं गेलो. इमारत झकास, दारात काच, आत एसी. टेबलामागचा माणूस गोड बोलायचा. "फेऱ्याबिऱ्यांची वाट बघत बसू नका साहेब. संस्था पातळीवरच्या जागा आमच्या हातात असतात. आज दहा हजार भरा, जागा तुमची." दाजींनी खिशात हात घातला. मी म्हटलं, आधी वर्कशॉप बघू.

वर्कशॉप मागच्या शेडमध्ये होतं. आत एक लेथ दिसली आणि सवयीनं माझा हात तिच्या बेडवर गेला. ग्रीसवर धूळ बसून वाळून चामड्यासारखा थर झाला होता. टेलस्टॉक ढकलून बघितला, हलेना. चकाची चावी मागितली तर शिकवणाऱ्या पोरानं इकडंतिकडं बघितलं आणि "स्टोअरमध्ये आहे" म्हणाला. ज्या लेथवर रोज काम होतं तिची चावी स्टोअरमध्ये नसते, मशीनवरच कुठंतरी पडलेली असते. विजतंत्रीच्या खोलीत भिंतीवर कोरे पॅनल बोर्ड, एमसीबी नवे कोरे, आणि त्यांच्या एकाही स्क्रूला पेचकस लागल्याची खूण नाही. मी विचारलं, "वाइंडिंगला मोटार कुठली घेता?" उत्तर आलं, "ते दुसऱ्या वर्षाला असतंय." दुसऱ्या वर्षाची मुलं कुठायत, हे मग मी विचारलंच नाही.

परत येताना तिथल्या फळ्यावर नजर गेली. विजतंत्री, पहिलं वर्ष, आणि खाली नावं. मी मोजली. साठ. विजतंत्रीची एक तुकडी वीसची. मान्यता नुसत्या संस्थेला नसते, ती ट्रेडला असते, आणि ट्रेडच्या एकेका तुकडीला असते. ही गोष्ट मला आदल्याच रात्री आमच्या कंपनीतल्या एचआरच्या पोरीनं सांगितली होती आणि सरकारी संकेतस्थळावर त्या संस्थेचं पान उघडूनही दाखवलं होतं. तिथं विजतंत्रीच्या दोनच तुकड्या होत्या. म्हणजे चाळीस. टेबलाशी येऊन मी विचारलं, वरची वीस मुलं कशात बसतात? गोड माणसाचा आवाज तेवढाच गोड राहिला. "ते आम्ही दुसरीकडं दाखवतो, परीक्षेची काळजी करू नका." आणि त्यानं दहा हजारांची पावती म्हणून एक वहीचा कागद पुढं केला. शिक्का नाही, नंबर नाही. दाजींच्या हातातून मीच तो घेतला आणि परत टेबलावर ठेवला. रस्त्यात दाजी माझ्याशी बोलले नाहीत. मिळत होतं ते घालवलं, असं त्यांचं म्हणणं, आणि पुढची फेरी लागेपर्यंत मलाही रात्री झोप नव्हती हे खरंय.

दुसऱ्या फेरीला मी विकल्प लिहायला अख्खा रविवार बसलो. या वेळी तीसच्या वर टाकले. आधी सरकारी, मग मी स्वतः जाऊन शेड बघून आलेल्या चार खाजगी, मग तारतंत्री, म्हणजे वायरमन, मग जोडारी. क्रम लावताना एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवली. पहिला विकल्प मिळाला तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून पहिल्या नंबरला शोभेसाठी काही टाकायचं नाही. सातवा विकल्प लागला, एका ट्रस्टची खाजगी आयटीआय, विजतंत्री.

फी वर्षाला तीस हजारांच्या वर. ताईनं बचत गटातून कर्ज काढलं. इथं मला जे उशिरा कळलं ते सांगतो, कारण हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. खाजगी आयटीआयच्या फीची प्रतिपूर्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळते, पण ती केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्यांना. टेबलाशी दहा हजार देऊन थेट घेतलेल्या जागेला नाही. गोड माणूस हे बोलला नव्हता. आणि मिळते म्हणजे लगेच मिळते असं समजू नका. आमचा अर्ज एकदा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी परत आला, एकदा आईचं नाव जुळत नाही म्हणून. मग मंजूर झाला तर पैसे खात्यात दिसेनात. बँकेत गेल्यावर कळलं, पोराचं आधार त्याच्या शाळेतल्या जुन्या शून्य शिलकीच्या खात्याला जोडलेलं, पैसे तिकडं गेलेले. ते खातं बंद पडलेलं, ते चालू करायला पुन्हा केवायसी. जवळपास वर्ष गेलं. आली ती रक्कमही पूर्ण फी नव्हती, पण गटाचे हप्ते त्यात फिटले.

शिकवणं मात्र खरं होतं. तिथले निदेशक एमएसईबीतून निवृत्त झालेले, शिवी दिल्याशिवाय वाक्य पूर्ण न करणारे. पहिले दोन महिने पोरांकडून नुसते जोड मारून घेतले, वायर सोलायची, पिळायची, सोल्डर करायची, परत कापायची. भाच्याच्या बोटांना चिरा पडल्या, ताई मला फोन करून रडली. मला बरं वाटलं.

२०२५ ला लेखी परीक्षा संगणकावर आणि प्रात्यक्षिक देऊन पास झाला. आता एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून आहे, १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यातलं ते एक वर्ष. पोर्टलवर करार करताना पुन्हा नावाचाच घोळ झाला, आधारवर आडनाव शेवटी आणि गुणपत्रिकेवर आधी. पण तो आता स्वतःच बँकेत, सेतूत जातो, मला विचारत नाही.

गेल्या महिन्यात दाजींची विहिरीवरची मोनोब्लॉक मोटार जळाली. गेलो तेव्हा पोरगं ओसरीत पोत्यावर बसलं होतं, स्टेटर पुढ्यात, जळलेल्या वार्निशचा वास सगळ्या घरात. एकेक वेढा सोडवत जुन्या तारेचे वेढे मोजून वहीत लिहीत होतं. दाजी बाजूला टॉर्च धरून बसलेले. मला बघून म्हणाले, "बोलू नका, मोजणी चुकंल त्याची."