कापसाला भाव नाही, मग मनाचं प्रशिक्षण कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत आम्ही आत्महत्या रोखण्याचं प्रशिक्षण देतो, आणि प्रत्येक सभेत मागून कुणीतरी उठतंच: ‘ताई, कापसाले भाव द्या पह्यले. मनाचं मंग पाहू.’

भाव मिळायलाच हवा. पीकविमा वेळेवर यायला हवा. या कामात येण्याआधी मीही हेच भांडायचे, की माणसाला कर्जात लोटायचं आणि वर त्याच्याच मनाचा इलाज करायचा, हा अन्याय आहे. ते म्हणणं मला आजही खोटं वाटत नाही.

पण 2022 साली महाराष्ट्रात 22,746 आत्महत्यांची नोंद झाली. त्यात शेतकरी आणि शेतमजूर मिळून 4,248. बाकीच्यांचं काय? घरच्या जाचाला, दुखण्याला, दारूला, परीक्षेला कंटाळलेल्यांचं कापसाच्या भावाने काय होणार होतं?

आमच्या एका प्रशिक्षणाला कृषी केंद्राचा मालक आला होता. पुढच्या उन्हाळ्यात, वावरात पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, उरलं नव्हतं तेव्हा, ओळखीचा एक कास्तकार त्याच्याकडे फवारणीचं औषध मागायला आला. नेहमी उधारीवर नेणारा माणूस रोख पैसे काढत होता. वर म्हणाला, ‘मागची उधारी कागदावर लिहून दे, पोराले माईत पाह्यजे.’

दुकानदाराने औषध संपल्याचं सांगितलं, त्याला बसवलं, चहा मागवला. मग शिकवलं होतं तसं सरळ विचारलं, ‘भाऊ, जीव द्याचा इच्चार हाय काय?’ तो माणूस भडकला. शिव्या देत दारापर्यंत गेला आणि तिथेच उंबऱ्यावर बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘हाव.’

दुकानदाराने मला फोन केला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, एकटं सोडू नका, भावाला बोलवा. भाऊ येईपर्यंत दुकानदार शेजारी बसून राहिला. रात्री कास्तकाराच्या घरातलं उरलेलं औषध दुकानात आणून कुलपात ठेवलं. बायकोला भीती पोलिसांची. तिला समजावलं की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने, प्रयत्न केलेल्या माणसालाही तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, खटला भरत नाहीत. इथे तर नुसतं बोलणं झालं होतं. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञांनी पहिला प्रश्न झोपेचा विचारला. कित्येक रात्री तो झोपलाच नव्हता.

विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनही सांगतं. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली. तिने कुणाचं कर्ज फिटलं नाही, तरी 1995 नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. जीव द्यायची ती एक वेळ टळली तर पुष्कळ माणसं जगतात. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकट नंबर आहे.

त्या कास्तकाराचं कर्ज अजून आहे. परवाच्या सभेत तोही उठला आणि कापसाच्या भावाचंच बोलला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. जवळच्या बाजारगावचे बरेच दुकानदार अजून प्रशिक्षणाला यायला तयार नाहीत. त्यांच्या पाठी लागायचं सोडून मी इथे हा वाद घालत बसते, याचाच मला राग येतो.