किल्ला इथेच का बांधला?

पहिल्या वर्षी मी चौथीची सहल नेली तेव्हा एका दिवसात चार ठिकाणं उरकली. परत आल्यावर निबंध लिहायला दिला. ४२ वह्यांमध्ये बसमधली गाणी होती, कोणाला उलटी झाली ते होतं. इतिहास मात्र दोन ओळींचा, तोही मीच बसमध्ये माईकवरून सांगितलेला.

पुढच्या वर्षी ठरवलं, एकच ठिकाण आणि एकच प्रश्न. नदीकाठचा एक जुना किल्ला निवडला. प्रश्न ठेवला, "हा किल्ला इथेच का बांधला?" एवढ्यासाठी बस करायची का, असं शिक्षकखोलीत विचारून झालंच.

दोन आठवडे आधी मी एकटी जाऊन आले. माझ्या मते निम्मी सहल इथेच होते. स्वच्छतागृह कुठे, कठडा कुठे तुटलाय, ४२ मुलं बसतील एवढी सावली कुठे, हे जागेवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दरवाजापासून बुरुजापर्यंत मला १२ मिनिटं लागली. मुलांसाठी ३० धरली, तरी कमीच पडली, कारण वाटेत सरडा निघाला.

संमतिपत्रं, औषधांची यादी, दर थांब्यावर डोकी मोजणं, हे सगळं ओघानं आलंच. सहा-सहाचे गट केले, प्रत्येक गटाबरोबर एक पालक. पालकांना विनंती एकच : उत्तर सांगू नका. एका बाबांना ते काही केल्या जमलं नाही. त्यांच्या गटाचा कागद अर्ध्या तासात भरला आणि मुलं जांभया देत बसली.

दिशा मुलांनी स्वतः शोधाव्यात म्हणून आधीच्या आठवड्यात मैदानात काठी रोवली आणि दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण केली. सगळ्यांत आखूड सावली ज्या रेषेत पडते, ती उत्तर-दक्षिण. सगळ्यांत आखूड सावली बाराच्या ठोक्याला पडणार याची सगळ्यांना खात्री, मलासुद्धा! पडली ती जवळजवळ अर्ध्या तासानं. घड्याळ अख्ख्या प्रदेशाचं एकच असतं, सूर्य मात्र ज्याच्या त्याच्या रेखांशाप्रमाणे डोक्यावर येतो. एका अंशाला ४ मिनिटांचा फरक. मग एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाची गोष्ट सांगितली. इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकात त्यानं अलेक्झांड्रियातल्या दुपारच्या सावलीचा कोन मोजला. तो पूर्ण वर्तुळाचा ५० वा भाग निघाला. त्याच दिवशी सायीनमध्ये, म्हणजे आजच्या अस्वानमध्ये, सूर्य थेट डोक्यावर असायचा. दोन्ही गावांमधल्या अंतराला ५० नं गुणलं की पृथ्वीचा घेर! "नुसत्या काठीवर?" मागच्या बाकावरून आलेला हा प्रश्न मला फार आवडला.

किल्ल्यावर पोचल्यावर मी जवळजवळ गप्प राहिले. अवघड होतं ते. दरवाजा सरळ समोर का नाही, वळून का जावं लागतं, हे सांगायला जीभ नुसती शिवशिवत होती. तेवढ्यात दोन मुलं दरवाजा फोडायला ओंडका घेतल्यासारखं करून धावत आली, वळणावर भिंतीला थडकली आणि तिथेच खाली बसून हसायला लागली. झालं उत्तर. वर तटात जंग्या, म्हणजे भिंतीतली भोकं, होत्या. एका मुलीनं आतून दोन्ही हात पसरून मापं घेतली, मग बाहेरच्या अंगाला जाऊन बघून आली. "बाई, आतून मी अख्खी मावते, बाहेरून माझा तळहात पण आडवा जात नाही." आतून तीर मारणाऱ्याला हलायला जागा, बाहेरून नेम धरणाऱ्याला नुसती चीर. तिनं चित्र काढलं, मी फक्त 'जंगी' हा शब्द दिला.

दुपारी पादचारी पुलावर गेलो. नदी तिथे किल्ल्याला वळसा घालते. वळणाच्या बाहेरच्या काठाशी एक काटकी सोडली, आतल्या काठाशी दुसरी. बाहेरची २१ सेकंदांत खालच्या गटापर्यंत पोचली. आतली थोडी पुढे सरकून संथ पाण्यात अडकली. बहुधा अजून तिथेच असेल. म्हणून तर बाहेरचा काठ कापून उभा झालेला आणि आतल्या बाजूला वाळू-गोटे साठलेले. काठावरचा दगड हातात घेऊन एकानं विचारलं, "हा गोल कोणी केला?" बाकीच्यांनी एका सुरात नदीकडे बोट दाखवलं.

किल्ला इथेच का, हे सुटलं ते मात्र वर्गात परत आल्यावर, नकाशावर. तीन बाजूंनी नदी, त्यामुळे खंदक खणायचा तो एकाच बाजूला. मग ॲटलास काढून तशाच जागांचा शोध सुरू झाला. तेगस नदीच्या वळणातलं स्पेनमधलं टोलेडो सापडलं, आरे नदीनं वेढलेलं बर्न, इंग्लंडमधलं विअरकाठचं डरहॅम. बर्नची स्थापना ११९१ सालची, हे मी सांगितलं. बाकी शोध त्यांचा.

यावर एक मुलगा म्हणाला, "पण बाई, खंदक खणला तिथूनच नदीनं शॉर्टकट मारला तर?" मी थबकले. नागमोडी नदी वळणाची मान कापून सरळ जाते, मागे नालाकृती सरोवर उरतं, हे मी दरवर्षी फळ्यावर काढते. आमच्या किल्ल्याशी ते कधी जोडलंच नव्हतं. खंदकाचा तळ नदीच्या पाण्यापेक्षा किती उंच आहे आणि खाली माती आहे की कातळ, हे बघायचं राहून गेलं होतं. पुढच्या वर्षीच्या कागदावर ते पहिलं काम आहे. मुलगा पाचवीत गेला असेल, पण त्यालाही बरोबर घ्यायचं म्हणते.